पावसाची सुट्टी कोणी द्यायची, जिल्ह्याने की शाळेने?

वहाळापलीकडची बाई

कोकणातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट २३. यंदा पहिलीला चार पोरं आली. पहिल्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, कोरी पुस्तकं हातात दिली. त्यातला एक आईचा पदर काही सोडेना. तिसऱ्या दिवशी मात्र आपणहून पुढे येऊन बसला आणि पाटीवर 'ग' काढला. पोट जरा मोठं झालं होतं, पण 'ग'च होता. त्याच रात्री दहाला मोबाइलवर आदेश आला: रेड अलर्ट, उद्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा बंद. परवाही बंद. मग रविवार. आमच्याकडे दोन्ही दिवस नुसती भुरभुर. सोमवारी पोरगा फाटकापासूनच रडत आला. 'ग' गेला होता.

पुढच्याच आठवड्यात उलटं झालं. सुट्टी नव्हती. दुपारी खिचडी वाढत असताना पाऊस धरला आणि तासाभरात वहाळ, म्हणजे आमचा ओढा, साकवाला, त्यावरच्या छोट्या पुलाला टेकला. पलीकडची सात पोरं संध्याकाळपर्यंत आमच्यासोबत व्हरांड्यात. शेवटी त्यांचे बाप दोर घेऊन आले.

माझं म्हणणं एवढंच, की पावसाची सुट्टी जिल्ह्यावरून देऊ नये, शाळेने द्यावी. घाटाखाली कोसळत असतो तेव्हा किनाऱ्याला कधीकधी छत्रीही उघडावी लागत नाही. माझा वहाळ किती चढलाय ते मला दिसतं, जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कसं दिसणार?

निवृत्त गुरुजी

बाई, तळमळ कळते, पण मला हे अजिबात पटत नाही. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून. पाणी बघून अंदाज बांधता येतो हा भ्रम आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा दगडी पूल गेला, प्रवाशांसकट दोन एसट्या गेल्या. महामार्गावरचा पूल होता तो, रोजची वाहतूक चालू होती. त्याचा अंदाज लागला नाही आणि साकवाचा तुम्ही बांधणार?

दुसरं, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, ती योग्यच आहे. मुख्याध्यापकाने शाळा चालू ठेवली आणि एक पोर वाहून गेलं, तर तो माणूस आयुष्यातून उठला. बंद ठेवली आणि ऊन पडलं, तर गाव म्हणणार मास्तरला घरी बसायचं होतं. दोन्हीकडून त्याचंच मरण. चार दिवस बुडाले तर बुडू देत. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस भरायचे असतात, ते दिवाळीत नाहीतर शनिवारी भरून निघतात.

वहाळापलीकडची बाई

गुरुजी, दिवस भरून निघतात, जून भरून निघत नाही. पहिलीच्या पोराला शाळा आवडायला लागते ती याच पंधरा दिवसांत. दिवाळीतल्या शनिवारी मी त्याला काय परत देणार?

दोन पोरांची आई

गुरुजींचं बरोबर आहे. माझी मुलगी सहावीला आहे, तिची शाळा पावणेतीन किलोमीटर. सहावी ते आठवीला तीन किलोमीटरपर्यंत अंतर नियमात बसतं म्हणे, पण नियम करणाऱ्याने ते जुलैत चालून बघावं. शाळेने सकाळी साडेनऊला ठरवलं तर माझी पोर तोवर अर्ध्या वाटेत असते. रात्री दहाचा आदेश मला बरा. निदान झोप लागते.

पण बाई म्हणतात त्यातलं एक खरं आहे, आणि ते कोणी बोलत नाही. लावणीच्या दिवसांत आम्ही दोघंही शेतात असतो. सुट्टी दिली की धाकटा घरात एकटा, नाहीतर आमच्यामागे बांधावर. पऱ्यावर, ओहोळात खेकडे धरायला पोरं जातात ती सुट्टीच्याच दिवशी. शाळेत असला की तो कोरड्यात बसलाय आणि जेवलाय एवढं तरी ठाऊक असतं.

पेडण्याचा मास्तर

आमच्या गोव्यात २०२५ पासून सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलातच सुरू केलं. तेव्हा पालक खूप चिडले होते. पण तुमच्या अडचणीला ते उत्तर होऊ शकतं. पाऊस येईपर्यंत मुलं रुळलेली असतात, मग जूनमध्ये चार दिवस गेले तरी घडी मोडत नाही. पहिलीलाही हेच करून बघा.

दोन पोरांची आई

एप्रिलात आमच्या वाडीला टँकर येतो, मास्तर. शाळेत पोरांना प्यायला पाणी कुठलं? आणि काजू-आंब्याचे दिवस ते. घरटी सगळे हात बागेत असतात.

निवृत्त गुरुजी

आणि पाऊस तरी तारीख पाळतो का? मुंबईला मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. २०२५ ला तो २६ मेलाच आला. वर्ष कुठेही सरकवा, तो गाठणारच.

वहाळापलीकडची बाई

ताईंचं वाचून रात्रभर विचार केला. अर्ध्या वाटेतल्या पोरीचा विचार मी केलाच नव्हता, कारण माझी सगळी पोरं हाकेच्या अंतरावरची. तेव्हा थोडी मागे येते. मोठ्या शाळांना, लांबून येणाऱ्यांना रात्रीचाच आदेश हवा, पण तो तालुकावार असावा. तहसीलदारांकडे मंडळवार, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या एकेका गटाचे, पर्जन्यमापकाचे आकडे रोज असतात, मग सुट्टीच तेवढी अख्ख्या जिल्ह्याला का? आणि आमच्यासारख्या वाडीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेला शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्यांनी ठरवू द्यावं. म्हणजे गुरुजी म्हणतात तसं एकट्या मुख्याध्यापकाच्या गळ्याशी येणार नाही.

त्या दोरवाल्या दिवसानंतर एका पोराच्या वडिलांनी साकवाच्या जांभ्याच्या खांबावर लाल ऑइलपेंटने रेघ मारून दिली. पाणी रेघेला लागलं की पलीकडच्याने पलीकडेच राहायचं, अलीकडच्याने अलीकडे. त्या दिवसाची हजेरी मी मांडत नाही.

निवृत्त गुरुजी

समितीच्या सह्यांचं मान्य. तालुकावारही मान्य. पण रेघ सकाळी बघणार कोण? आणि दुपारी पाणी चढलं तर?

वहाळापलीकडची बाई

खिचडी करणाऱ्या ताईंचं घर वहाळाला लागून आहे. साडेआठला त्या बघतात आणि मला फोन करतात. दुपारचं अजून जमलेलं नाही. सध्या ढग दाटून आले की मी पलीकडच्या सात जणांना आधी जेवायला बसवते आणि चौथीतल्या दोघांना पायरीवर उभं करते. तिथून खांब दिसतो.