पिल्लांना जंत झाले आहेत. लहान मुलांना कितपत धोका आहे?

कर्वेनगरकर

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली एक भटकी कुत्री व्यायली असून तिची पिल्ले आता साधारण तीन आठवड्यांची आहेत. काल त्यांतील एका पिल्लाला उलटी झाली आणि तीत शिजलेल्या शेवयांसारखे पांढरट, वेटोळे घातलेले जिवंत जंत होते. सगळ्याच पिल्लांची पोटे टम्म फुगलेली आहेत. माझी मुलगी तीन वर्षांची आहे आणि माती तोंडात घालण्याची तिची सवय अजून पुरती गेलेली नाही. शिवाय घरात मांजरीचे पिल्लूही आहे.

काही सभासदांनी कुत्रीला पिल्लांसह दुसरीकडे सोडून येण्याचा आग्रह धरला आहे. तो मला पटत नाही, परंतु मुलीची काळजीही वाटते. हे जंत माणसाला होतात का? तिला अंगणवाडीत जंताची गोळी दिलेली आहे, ती पुरेशी ठरेल का?

पशुवैद्य_कोथरूड

वर्णनावरून हे गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा कॅनिस, असावेत. मांजरीत आढळणारा त्याचा भाऊबंद म्हणजे टॉक्सोकारा कॅटी. इतक्या लहान पिल्लांत हे जंत कुठून आले, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कुत्रीच्या स्नायूंत व इतर अवयवांत या कृमीच्या अळ्या सुप्तावस्थेत पडून असतात. गाभणपणाच्या अखेरच्या आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भातील पिल्लांपर्यंत व पुढे दुधातूनही पोहोचतात. मांजरीत गर्भात लागण होत नाही, दुधातून मात्र होते. त्यामुळे रस्त्यावरची पिल्ले जंत घेऊनच जन्माला आली आहेत, असे धरूनच चालावे.

माणसाला धोका संभवतो तो अंड्यांपासून. एक मादी कृमी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. मात्र ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधक नसतात; मातीत ऊब व ओलावा मिळाला की त्यांच्यात अळी तयार होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आपल्याकडचा पावसाळा त्यांना चांगलाच मानवतो. एकदा तयार झालेले अंडे जाड कवचामुळे कित्येक महिने, सावलीच्या ओलसर जागी वर्षाहूनही अधिक काळ टिकते आणि फिनेलने मरत नाही. म्हणूनच फिनेल शिंपडून निर्धास्त होण्यापेक्षा विष्ठा रोजच्या रोज उचलणे कितीतरी अधिक परिणामकारक आहे. कुत्रीला हाकलून मातीत आधीच पडलेली अंडी जात नाहीत, हेही त्या सभासदांना सांगावे.

पिल्लांना पहिले औषध दोन आठवड्यांची असताना द्यायचे असते, कारण तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या विष्ठेत अंडी येऊ लागतात. तेव्हा आता उशीर करू नका. पायरँटेल किंवा फेनबेंडाझोलचे पातळ औषध पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत दर दोन आठवड्यांनी, दूध सुटून दोन आठवडे होईपर्यंत, आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. आईलाही पिल्लांबरोबरच औषध द्यावे. मांजरीच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून हाच क्रम लागू होतो. नेहमीच्या मात्रेने आईच्या शरीरातील सुप्त अळ्या मरत नाहीत, त्यामुळे तिच्या पुढच्या वेतातही हेच घडेल. पिल्ले दूध सोडताच तिची नसबंदी करून घ्या.

बालरोग_सहकारनगर

मुलीबद्दल लिहिते. पोटात गेलेल्या अंड्यातून अळी बाहेर पडते, परंतु माणसाच्या शरीरात ती कधीही पूर्ण वाढलेला कृमी होत नाही. आतड्याबाहेर पडून यकृत, फुप्फुस, क्वचित मेंदू किंवा डोळा असा तिचा प्रवास होतो. त्यामुळे मुलाच्या शौचाच्या तपासणीत या लागणीचा काहीही मागमूस लागत नाही. बहुतेक मुलांना लक्षणेच नसतात. ज्यांना असतात त्यांना ताप, खोकला, धाप, पोटदुखी होते आणि रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या आढळतात. निदानासाठी रक्ताची एलायझा चाचणी करतात.

मला खरी चिंता वाटते ती डोळ्याची. बहुधा एकाच डोळ्याच्या पडद्यावर अळीभोवती गाठ तयार होते, दृष्टी मंदावते, तिरळेपणा येतो किंवा बाहुली पांढरट दिसू लागते. हे चित्र डोळ्याच्या कर्करोगासारखे भासते. १९५० मध्ये हेलेनॉर वाइल्डर यांनी अमेरिकेत काढून टाकलेले, बहुतांशी कर्करोगाच्या संशयावरून काढलेले ४६ मुलांचे डोळे तपासले, तेव्हा २४ डोळ्यांत कृमीच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. डोळ्याच्या आजारात इओसिनोफिल वाढलेले असतीलच असे नाही, म्हणून रक्त ठीक आले तरी अशा मुलाला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

अंगणवाडीतील अल्बेंडाझोलची एक मात्रा माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी असते. टॉक्सोकाराच्या उपचारात तेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस द्यावे लागते. आपल्या मनाने देऊ नये. मुलीला काही त्रास नसेल, तर केवळ भीतीपोटी तपासण्यांची आवश्यकता नाही. माती खाण्याची सवय मात्र तिच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा मुलांत लोहाची कमतरताही पाहावी लागते.

कर्वेनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. मुलांनी पिल्लांना हात लावणे अजिबात बंद करावे का?

पशुवैद्य_कोथरूड

तशी गरज नाही. केसांवर अंडी सापडतात, परंतु त्यांतील परिपक्व अंडी बहुधा थोडी असतात. मातीचा धोका त्याहून मोठा आहे. पिल्लांजवळून उठल्यावर साबणाने हात धुणे, नखे कापलेली ठेवणे आणि पिल्लांना तोंड चाटू न देणे एवढे पाळावे. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यावर रात्री ताडपत्री घाला, कारण मांजरी नेमकी तीच जागा शोधतात. घरातील मांजरीचा वाळूचा ट्रे रोज साफ करावा.

सहकारनगर_श्वानमित्र

एक भर घालतो. उचललेली विष्ठा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका. आपल्या खड्ड्यांत अंडी मरण्याइतकी उष्णता निर्माण होईलच असे नाही, आणि तेच खत पुढे कुंड्यांत व कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून प्रत्येक पिल्लू वेगळे तोलून वजन कागदावर लिहून न्या. इतक्या लहान पिल्लांना स्वयंपाकघरातील काटाही पुरतो, फक्त वर एक डबा ठेवा आणि नंतर तो डबा अन्नासाठी वापरू नका.