गावात लाकडी घाणा टाकला तर गावाला खरंच काही मिळतं का?

खाडीकाठचा_गुहागर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात, घरची थोडी नारळाची बाग आहे आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन पडून आहे. मुंबईची नोकरी सोडून गावी येतोय आणि लाकडी घाणा टाकायचं डोक्यात आहे. आजोबांच्या वेळेला गावात बैलाचा घाणा होता, लोक घरचे तीळ, कारळे, शेंगदाणे घेऊन जायचे आणि वर्षाचं तेल घरी आणायचे, आता घरोघरी पामतेलाची पिशवी. मला किती सुटतील तो हिशोब मी करेन, पण गावातल्या शेतकऱ्याला, बायकांना यातून चार पैसे मिळतात का की फक्त घाणेवाल्याचंच भागतं? आणि गाळायला बी आणायचं कुठून, भुईमूग तर आता कोणी लावतच नाही.

घाणेवाला_मालवण:
दादा, आमचा घाणा आहे म्हणून सांगतो, सुरुवातीलाच बाटल्या भरून विकायच्या मागे लागू नका. मजुरीवर गाळप करा. लोक आपलं खोबरं आणतात, आपण किलोमागे पैसे घ्यायचे, तेल त्यांचं, पेंडही त्यांची. गावाचा फायदा तिथेच आहे, कारण माल गावचा आणि पैसाही गावातच राहतो. केरळातून खोबरं आणि घाटावरून दाणे आणून गाळलेत तर तुमचं चालेल, गावाला काय मिळणार?

आता नारळाचा हिशोब बघा. सहा-सात नारळांचं किलोभर सुकं खोबरं होतं, त्यातून घाण्यावर साधारण सहाशे ग्रॅम तेल निघतं, म्हणजे लिटरभर तेलाला दहा-अकरा नारळ गेले. मोठा चांगला नारळ असेल तर तो तसाच विका, तेलाला घालू नका. व्यापारी जो बारीक, तडकलेला माल बाजूला काढतो आणि ज्याचे मातीमोल पैसे देतो, तो तेलाला घ्या, शेतकऱ्याला खरा फरक तिथे पडतो. आणि खोबरं नीट सुकवायला शिकवा लोकांना. वाटी हातात घेऊन मोडायची, कट्टकन तुटली तर सुकली, नुसती वाकली तर आत पाणी आहे, तिला बुरशी धरते आणि तेल खवट होतं. करवंट्यांच्या जाळावर सुकवत असाल तर धूर लागू देऊ नका, तो वास तेलातून जात नाही.

राजापूरचा_शेतकरी:
भुईमूग लोकांनी हौसेने नाही सोडला. भात कापल्यावर गुरं मोकाट सुटतात आणि वानर तर शेंगा उपटून खातात, रात्रंदिवस राखण करायला घरात माणूस कुठाय, पोरं सगळी मुंबईला. पाण्याची सोय आणि चांगलं कुंपण असेल तरच उन्हाळी भुईमूग करा, दापोलीच्या विद्यापीठाची कोकण गौरव जात आहे ती विचारा. पण तुमची वरकस आहे ना, तिथे कारळा टाका. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, खताचे लाड नाहीत, उतारावरची जमीनही चालते. उत्पन्न कमीच येतं हे खरं, पण सरकारने २०२५-२६ ला कारळ्याचा हमीभाव क्विंटलला ९,५३७ रुपये धरला होता आणि भुईमुगाचा ७,२६३, तरी आमच्याकडे खरेदी केंद्रच जवळ नसल्याने कारळा चटणीपुरता लावतात. घाणा गावात असेल आणि घाणेवाला रोख पैसे मोजून बी घेईल असं कळलं तर दहा घरं नक्की पेरतील, मी स्वतः पेरेन.

वेंगुर्ल्याची_वहिनी:
अहो भाऊ, कोकमाच्या बिया विसरलात तुम्ही सगळे! मे महिन्यात आमसुलं करताना बियांचे ढीग पडतात आणि त्या बिया व्यापारी कवडीमोलाने उचलतो. आमचा बचत गट मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल काढतो. बिया सुकवायच्या, वरचं टरफल काढायचं, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवला की सकाळी वर पांढरट तेलाचा थर गोठलेला असतो, तो परत वितळवून गाळायचा आणि मुठीने वळायचा. टाचांच्या भेगांना लावायला चाकरमानी गणपतीला आले की घेऊन जातात आणि आता तर साबण, क्रीम करणारेही मागतात. पण कुटायचं काम जीव काढतं हो, बायकांचे खांदे भरून येतात. तुमच्याकडे मशीन असेल तर गर दळून द्यायची सोय ठेवा, आजूबाजूच्या गावातल्या बायका तुम्हाला दुवा देतील आणि ते पैसे थेट त्यांच्याच हातात जातात, घरात कोणाला मागावे लागत नाहीत.

खाडीकाठचा_गुहागर:
वहिनी हे माझ्या डोक्यातच नव्हतं, खूप आभार. दाणे-खोबऱ्याबरोबर मग गर दळायलाही मशीन बघतो. लायसन्सचं काय असतं?

हिशोबनीस_रत्नागिरी:
वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं साधं रजिस्ट्रेशन पुरतं. खायचं तेल सुटं विकायचं नाही, ते सीलबंद लेबल लावूनच विकावं लागतं, लोक डबा घेऊन आले तरी हा नियम लक्षात ठेवा. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, जी २०२० ला आली, प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं होतं, आता चालू आहे का ते विचारा. आधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन बोला, मग मशीनची ऑर्डर द्या.

घाणेवाला_मालवण:
आणि दादा मशीन घ्यायच्या आधी तीन फेज कनेक्शन मिळतंय का ते बघा. पावसात आमच्याकडे लाईट जाते तेव्हा घाण्यात अर्धवट गाळलेला माल तसाच राहतो, म्हणून पावसाळ्यात मी सकाळीच गाळप उरकतो आणि दुपारी फक्त तेल निवळायला ठेवतो.