मदत हवी आहे: मुतखडा झाल्यावर दूध-दही बंद करायचं का?

नमस्कार. आम्ही जळगावचे. महिन्यापूर्वी पहाटे मिस्टरांना डाव्या कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली की ते फरशीवर गडबडा लोळत होते. सोनोग्राफीत मूत्रनलिकेत ५ मिमीचा खडा दिसला. औषधांनी अकराव्या दिवशी तो पडला. गाळणीत धरून तपासायला दिला, तर कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला. चार वर्षांतला हा दुसरा.

त्यांचं वेल्डिंगचं काम आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो आणि हे दिवसभरात जेमतेम एक बाटली पाणी पितात.

खडा कॅल्शियमचा, म्हणून सासूबाईंनी त्यांचं दूध, दही, ताक सगळं बंद केलंय. शेजारच्या काकू टोमॅटो नको म्हणतात. दीर म्हणतात, बिअर पाजा. डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर, मीठ कमी, दूध चालू ठेवा." पण का, ते विचारायचं राहून गेलं, आणि कारण कळल्याशिवाय सासूबाईंना पटणार नाही. पालक-अळू कायमचं सोडायचं का? कुळथाचा काढा रोज देतेय, तो चालू ठेवू का? कृपया नीट समजावून सांगा, मला फार काळजी वाटते.

प्रतिसाद १
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. डॉक्टरांचं ऐका. पालकातलं ऑक्सलेट (कॅल्शियमसोबत खड्यात असतो तो दुसरा घटक) आणि दह्यातलं कॅल्शियम आतड्यात एकत्र आले की तिथेच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ऑक्सलेट मोकळं रक्तात जातं, तिथून लघवीत उतरतं आणि खडा धरतो. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा ६० पैकी १२ जणांना. सासूबाईंना हे आकडे सांगा.

मीठ खरंच महत्त्वाचं आहे. मिठातलं सोडियम लघवीतून जाताना कॅल्शियमही सोबत नेतं. म्हणून पापड, लोणचं, शेव आवरा. टोमॅटोत ऑक्सलेट फारसं नसतं, भाजी-आमटीत खुशाल घाला. पालक आणि अळूत मात्र भरपूर असतं. क्वचित करायचंच तर उकडून पाणी टाकून द्या आणि ताकातली भाजी करा. आपल्या आज्या करायच्या तो ताकातला पालक याच हिशेबात बसतो. लिंबातल्या सायट्रेटमुळे खडा धरायला अडथळा होतो, तेव्हा लिंबूपाणी द्या, पण मीठ न घालता. कुळथाचं पिठलं आवडीने खा, मात्र कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा काढ्याने विरघळत नाही, बिअरनेही नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. घाम गाळणाऱ्याला त्यासाठी तीन लिटरहून बरंच जास्त पाणी लागतं.

प्रतिसाद २
पुन्हा कळ आली आणि सोबत थंडी-ताप असेल किंवा लघवी अडली, तर रात्र काढू नका. लगेच दवाखाना गाठा.

धागाकर्ती
खूप खूप आभार. आज दुपारी ताक वाढलं, सासूबाई काही बोलल्या नाहीत. पाण्याबद्दल मिस्टरांना खोदून विचारलं, तेव्हा कळलं की शेडजवळ मुतारीच नाही. दहा मिनिटं चालत जावं लागतं, काम अडतं, म्हणून ते पाणीच टाळतात. तिथे आणखी सहा जण आहेत, त्यांचंही तेच. मालकांशी हे कसं बोलावं? कुणी असं काही करून घेतलं असेल तर सांगा.