अनुभव धागा: कॅमेरा, डोंगर आणि मागच्या सीटवरचं कुत्रं

सातमाळा
काल माळ्यावरचं आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण झाली. त्यात 'साल्हेर २०१६' नावाचं फोल्डर. आवरणं तिथेच थांबलं.

बंड्या इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. नव्यांसाठी सांगतो: गावठी, तांबडा, एक कान उभा, एक पडका. पंचवटीत एका गॅरेजमध्ये ट्रकखाली सापडलेला. त्या नोव्हेंबरात आम्ही दोघंच निघालो होतो. जुनी व्हॅन, मागची सीट काढलेली, तिथे त्याची गोधडी. वणी, नांदुरी, कळवण करत सटाणा, मग ताहराबाद, मुल्हेर आणि साल्हेर. ३०० एमएमची लेन्स नुकतीच हप्त्यावर घेतलेली, त्यामुळे डोक्यात वारं. पहाटेच्या धुक्यातून वर आलेले साल्हेर-सालोटा हे जोडकिल्ले काढायचे, जमलं तर गिधाड, नाहीतर निदान शिक्रा तरी.

तीन दिवसांत २३४० फोटो. काल रात्री दीडपर्यंत बघत बसलो. जवळजवळ प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात एक तांबडा धूसर त्रिकोण आहे. बंड्याचा उभा कान. मी खाली केलेल्या काचेवर तांदळाची पिशवी ठेवायचो, तिच्यावर लेन्स टेकवायचो, की हा माझ्या काखेतून डोकं घालून बाहेर बघणार. कापशी घार हवेत एका जागी फडफडत उभी आहे, डोळ्याचा लाल रंगसुद्धा दिसतोय, आयुष्यातला एकमेव धारदार फोटो, आणि त्यात कान. तिसऱ्या दिवशी त्याने पिशवी फाडली. तांदूळ अजून व्हॅनच्या फटींत असतील, ज्याने विकत घेतली त्याला विचारावं लागेल.

सगळीकडे कान डोंगराकडे आहे, नांदुरीच्या फोटोंत तेवढा उलटा वळलाय. तिकडे भज्यांची गाडी होती.

तुमचे अनुभव सांगा. डोंगर, पक्षी, प्राणी, आणि गाडीत कुत्रं. फोटो चांगले आलेच पाहिजेत अशी अट नाही.

ओझरची_मैना
आधी कान टाका 😀

गोदाकाठ
आमचं नांदूरमध्यमेश्वर. अभयारण्यात कुत्रं नेता येत नाही हे खाणगाव थडीला पोचल्यावर कळलं. नवरा म्हणे तू विचारलं असशील, मी म्हणे तू. एवढं पहाटे उठून आलेलो, परत कोण जाणार? मग पाळ्या लावल्या, एकाने झाडाखाली सोनीजवळ बसायचं, एकाने आत जायचं. पहिली मी गेले. मनोऱ्यावरून थापटे, हळदीकुंकू बदकं, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, सगळं दिसलं. पण लांब. माझ्या फोटोंत सगळे तीळ.

दोन तासांनी येऊन बघते तर नवरा गाडीपासून वीस पावलांवर बांधाला बसलेला, सोनी मांडीवर, आणि समोर एक मुग्धबलाक निवांत गोगलगायी खातोय. चोचीच्या मधली ती फट फोनच्या फोटोतही दिसते. तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. पाहुण्यांना तो सांगतो, 'बायको आत गेली होती, मी बाहेरच होतो.' दर वेळी.

पाथर्डी_फाटा
@गोदाकाठ, रामसरचा दर्जा (पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय) मिळाल्यापासून (२०२०, महाराष्ट्रातलं पहिलं) रविवारी तिथे पक्षी कमी आणि ट्रायपॉड जास्त. मधल्या वारी जा.

गोदाकाठ
मधल्या वारी शाळा असते हो, पोरांची नाही, माझी. शिक्षिका आहे.

इगतपुरीचं_धुकं
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. पावसाळा, त्र्यंबकहून जव्हारकडे जाताना आंबोली घाट, आमचा चिकू (बीगल). सगळे धबधबे वाहताहेत, ढग रस्त्यावर उतरलेले, मी म्हटलं थांबव गाडी. गाडी थांबली, मी बॅग उघडली, चिकूने त्याच क्षणी बॅगेत ओकलं. नेमकं लेन्सच्या कप्प्यात. सकाळी सासूबाईंनी प्रेमाने दूधपोळी घातली होती. आता निघायच्या आधी तीन-चार तास काही देत नाही, सासूबाईंना कुत्र्याचा उपास आहे असं सांगितलंय, त्या ऐकतात.

अजून एक. एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते. घाट यायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद आणि काचा खाली. चिकूलाही वारं बरं पडतं. शिट्टी झाली, जाते.

मळेवाला
निफाडकडचा आहे. एक सांगतो, गंमत नाही. आमच्याकडे उसात बिबट्या राहतो, मादी पिल्लंही तिथेच घालते, तोडणीच्या वेळी दर साली बछडे निघतात. कुत्रं म्हणजे त्याला आयतं खाणं. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेला गाडी लावून कुत्र्याला खाली उतरवू नका, पट्टा हातात असला तरी नको. आमचा वाघ्या ओट्यावरून गेला, साखळीला बांधलेला होता. सकाळी साखळीचा तुकडा उसाच्या सरीत मिळाला. पोरगं म्हणत होतं पंज्यांच्या ठशांचा फोटो काढू. मी काढू दिला नाही.

ओझरची_मैना
बांधलेला म्हणजे पळताही आलं नसेल त्याला 😔

मळेवाला
हो. म्हणून आता कुत्री बांधत नाही. रात्री घरात घेतो.

सातमाळा
दादा, फार वाईट वाटलं. आम्ही त्या वेळी मुल्हेरला व्हॅनमध्येच झोपलो होतो. रात्री बंड्या दोन तास काचेकडे बघून गुरगुरत होता, मी त्याला 'गप रे' करून झोपलो. आज वाचून अंगावर काटा आला.

काळा_आणि_गोरा
आमच्याकडे काळी लॅब्रेडॉर आहे, तिचा फोटो काढणं हीच वेगळी साधना. फ्रेमभर काळं दिसलं की कॅमेरा फसतो, उजेड वाढवतो, मग कुत्री राखाडी आणि मागचा कळसूबाई पांढराफटक. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप कमी करा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अंगावर चकाकी येते. भंडारदऱ्याच्या बॅकवॉटरला माझे बरे आले. पण तिने लगेच पाण्यात उडी मारली आणि बाहेर येऊन माझ्याशेजारीच अंग झटकलं. त्यानंतरच्या फोटोंत कळसूबाईवर पाऊस पडतोय असं वाटतं.

मिसळ_आणि_माळ
पहाटे चारला नाशिक सोडलं तर वाटेत मिसळ कुठे उघडी मिळते?

पाथर्डी_फाटा
एवढ्या पहाटे मिसळ नाही, शिव्या मिळतील.

माळरान
थोडं कडू बोलतो, रागावू नका. ममदापूरला (येवला) काळवीट बघायला नेहमी जातो. मागच्या मार्चात एक कुटुंब भलंमोठं कुत्रं मोकळं सोडून रील काढत होतं. कुत्रं कळपावर धावलं, कळप उधळला. मी बोललो तर 'अहो, खेळतोय तो.' काळविटाला कसं कळणार खेळ आहे म्हणून? टिटव्या, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, कुत्र्याचं एक धावणं त्यांना पुरतं. शिवाय डिस्टेंपर हा जीवघेणा रोग कुत्र्यांकडून कोल्ह्या-लांडग्यांत जातो. लस, पट्टा, आणि राखीव क्षेत्रात नेऊच नका. बंड्याला बोलत नाहीये.

सातमाळा
बंड्यालाही बोला. मुल्हेरच्या रस्त्यावर तो एकदा तित्तिरांच्या मागे सुटला होता. तेव्हा मी हसलो होतो, फोटोही काढलाय. त्यात कान नाही, नुसती शेपूट.

अर्धा_दिवस_रजा
अंजनेरीचा पायथा, फेब्रुवारी. वर लांब चोचीची गिधाडं, चार-पाच, गरम हवेवर तरंगत. (एक काळ ती गावागावांत होती. मग जनावरांना तेव्हा देत त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गेली. २००६ मध्ये त्यावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. असो.) मी मान वर करून क्लिक क्लिक. हातातली दोरी सारखी हिसकत होती. आमची ठकी वर बघतच नव्हती. गिधाडाची सावली गवतावरून सरकत यायची, ही तिच्यामागे दोरी पुरेल तितकी पळायची, सावली निघून गेली की उभी राहून माझ्याकडे बघायची. मग दुसरी सावली. वरच्या ठिपक्यांचे माझे फोटो कुणी दोनदा बघत नाही. सावलीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभी असलेली ठकी सगळे मागतात.

इगतपुरीचं_धुकं
कुकर उतरवून परत आले. ठकीचा फोटो मलाही.

वणीवाला
सप्तशृंगी गडाच्या घाटात माकडाने माझं लेन्सचं झाकण नेलं. आमचा जर्मन शेफर्ड, साडेतीन वर्षांचा, बत्तीस किलोचा, सीटखाली. बास, एवढंच.

गोदाकाठ
गोचिडांवर कोण काय वापरतं? पावसाळ्यात गवतातून आलं की सोनीच्या कानांत, बोटांच्या मध्ये भरतात.

काळा_आणि_गोरा
घरी आल्यावर उजेडात बसून हाताने तपासायचं, बोटांच्या बेचक्या आधी. औषध मात्र डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे द्यावं लागतं. ताप आला, खाणं सोडलं तर थांबू नका, आमचीला गोचीडताप झालेला.

ओझरची_मैना
@सातमाळा, बंड्याचा एखादा अख्खा फोटो नाही का? कान आणि शेपूट झाली.

सातमाळा
तेच बघतोय सकाळपासून. २३४० मध्ये नाही. तेव्हा वाटायचं हा तर रोज घरात आहे, कार्डातली जागा डोंगरासाठी ठेवावी. २०२१ मध्ये गेला.

सातमाळा
सापडला! कॅमेऱ्यात नव्हता, बायकोच्या जुन्या फोनमध्ये होता, मीच तेव्हा तिला पाठवलेला. नांदुरीच्या भजीवाल्या मावशींनी काढला होता. मी म्हटलं होतं, मावशी, मागे डोंगर येऊ द्या. डोंगर आलाच नाही. मी आणि बंड्या, दोघंही कढईकडे बघतोय, आणि कोपऱ्यात मावशींचा अंगठा.

ओझरची_मैना
टाका टाका. अंगठ्यासकट.

त्र्यंबक_नाका
धागा आत्ता पाहिला. ताहराबादच्या पुढे रस्ता कसा आहे सध्या? साल्हेर जागतिक वारसा यादीत आल्यापासून जायचं चाललंय. शनिवारी निघतोय, सोबत पग आहे.

माळरान
पग? साल्हेर १५६७ मीटर आहे हो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना चढावर लगेच धाप लागते. एकाने पायथ्याला सावलीत त्याच्याजवळ थांबा, बंद गाडीत ठेवू नका.

त्र्यंबक_नाका
बायको म्हणते ती थांबेल. मावशींची गाडी नांदुरीला नक्की कुठे लागते?