चर्चा : परदेशात पाकीटमार आणि भामट्यांपासून वाचायचे, तर माणसांवर संशय घ्यावा की सामानाची नीट व्यवस्था लावावी?

पायवाट

मे महिन्याच्या सुट्टीतील युरोप सहलींचे बेत ठरू लागले, की घराघरांत एकच सल्ला ऐकू येतो : 'तिकडे चोर फार आहेत, कोणाशी बोलू नका, कोणावर विश्वास ठेवू नका.' हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, परंतु तो अपुरा आहे आणि त्यामुळे प्रवासी भलत्याच ठिकाणी सावध राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले पैसे, कागदपत्रे आणि फोन कोठे व कसे ठेवले आहेत याकडे लक्ष दिले, तर माणसांवर संशय घेत फिरण्याची फारशी गरज उरत नाही.

सराईत पाकीटमार संशय यावा असा दिसतच नाही. पॅरिसच्या मेट्रोची १ क्रमांकाची मार्गिका लूव्र संग्रहालय, शाँझेलिझे हा रस्ता अशा ठिकाणांवरून जाते, त्यामुळे तिच्यात पर्यटकांची सतत ये-जा असते. तेथे ही चोरी बहुधा टोळीने होते. तुमच्या पुढचा प्रवासी डब्यात पाऊल टाकतो आणि दारातच थबकून वरचा नकाशा पाहू लागतो. मागून दोघे जण घाई असल्यासारखे रेटतात. त्यांतील एकाच्या हातावर कोट टाकलेला असतो आणि त्या कोटाआडून दुसरा हात तुमच्या पर्सच्या चेनपर्यंत पोहोचतो. दार बंद होण्याचा भोंगा वाजला, की सगळे फलाटावर उतरतात आणि तुम्ही डब्यात अडकून पुढच्या स्थानकाकडे निघालेले असता. त्यांच्या हातात शहराचा नकाशा असतो, गळ्यात कॅमेराही असू शकतो. अशा वेळी संशय नेमका कोणाचा घ्यायचा?

मुंबईच्या लोकलमध्ये चढताना सॅक नकळत छातीवर घेणारा आपलाच माणूस पॅरिसला ती पाठीवर टाकून उभा राहतो, कारण तेथील गर्दी त्याला गर्दी वाटत नाही. वास्तविक, घरची ती सवय तशीच ठेवली तरी पुरे आहे. दिवसाच्या खर्चापुरती रोकड विजारीच्या पुढच्या खिशात ठेवावी. बाकीची रोकड आणि एक कार्ड कपड्यांच्या आत कमरेच्या पट्ट्यात असावे, आणि तो पट्टा चारचौघांत उघडू नये. दुसरे कार्ड खोलीवर वेगळ्या बॅगेत ठेवावे. उपाहारगृहात पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवू नये आणि फोन टेबलावर ठेवू नये. एवढे पाळले, तर अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलायला काहीच हरकत नसावी. आपणा सर्वांना काय वाटते?

कोकणकडा

पायवाट, आपण वर्णन केलेली चोरी खिशातून होते, म्हणून खिशाचा उपाय तिला लागू पडतो. परंतु परदेशात लोक मोठ्या रकमांना फसतात, ते बहुतेकदा स्वतःच्या हाताने पैसे देऊन फसतात, आणि तेथे कमरेच्या पट्ट्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

बँकॉकचे उदाहरण घ्या, कारण आपल्याकडचे पुष्कळ लोक पहिली परदेशवारी थायलंडचीच करतात. ग्रँड पॅलेसच्या भिंतीबाहेर नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ अदबीने विचारपूस करतो आणि सांगतो, की आज समारंभामुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे. वाईट वाटून घेऊ नका, म्हणतो. तोवर दुसरी दोन मंदिरे पाहून या, टुकटुकवाला अवघ्या २० बाथमध्ये सगळीकडे फिरवून आणेल. वाटेत एका मंदिरात दुसरा सज्जन भेटतो आणि तो रत्नांच्या सरकारी सवलतीचा आजचा शेवटचा दिवस असल्याचे सहज बोलून जातो. शेवटी टुकटुक रत्नांच्या दुकानापाशी थांबते. तेथे माणिक किंवा नीलम म्हणून जे गळ्यात मारले जाते, त्याची किंमत भारतात दिलेल्या पैशाच्या जवळपासही येत नाही. या सगळ्या प्रकारात खिशाला कोणी हात लावलेला नसतो, आवाज चढवलेला नसतो, आणि ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठपासून उघडाच असतो. फाटकापर्यंत दोनशे पावले चालत गेले असते, तर हे कळले असते.

आपल्या माणसाला तोंडावर नकार देणे जड जाते. समोरच्याने एवढ्या आपुलकीने माहिती दिली, आता दुकानात न जाणे बरे दिसत नाही, असे त्याला वाटते आणि भामट्याचा सारा धंदा या भिडेवर चालतो. म्हणून मी म्हणेन, की पर्यटनस्थळाच्या दारात जो अनोळखी माणूस आपण होऊन मदतीला येतो, त्याच्यावर संशय घ्यावाच. ज्याला आपण आपण होऊन रस्ता विचारतो, त्याच्यावर घेऊ नये. हा फरक लहान मुलालाही समजावून सांगता येतो.

सहलीसोबती

मी सहलींबरोबर जाण्याचे काम करतो. वरील दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु ज्यावरून आमच्या गटात दर वेळी वाद होतो तो प्रश्न अजून कोणी काढलेला नाही, तो म्हणजे पासपोर्ट. माझे मत असे, की पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा आणि बाहेर फिरताना त्याची छायाप्रत व फोनमधले छायाचित्र बाळगावे.

रोकड गेली तर सहल पुढे चालू राहते, पासपोर्ट गेला तर त्या प्रवाशापुरती ती तेथेच संपते. फ्लॉरेन्समध्ये किंवा व्हेनिसमध्ये पासपोर्ट गेला, तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवायची, तिची प्रत घ्यायची आणि मग रोमचा भारतीय दूतावास किंवा मिलानचा वाणिज्य दूतावास गाठायचा. त्यात शनिवार-रविवार आला, तर थांबण्यावाचून इलाज नाही. तातडीचा उपाय म्हणून जे आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते, ते केवळ भारतात परतण्याच्या एकेरी प्रवासासाठी असते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून चालणारा एकच व्हिसा, पासपोर्टावरच चिकटवलेला असल्याने तोही गेलेला असतो. साठी ओलांडलेल्या जोडप्यापैकी एकाचा पासपोर्ट गेला, की दोघांचीही सहल मोडते आणि आयुष्यभर साठवलेल्या पैशातून पाहिलेले स्वप्न रांगेत उभे राहण्यात संपते. हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहीत आहे.

लोंबार्डीतला मराठी

सहलीसोबती यांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यांचा सल्ला कायद्याच्या दृष्टीने कच्चा आहे. इटलीत आणि फ्रान्समध्ये परदेशी व्यक्तीने आपली ओळख आणि वास्तव्याचा अधिकार दाखवणारी कागदपत्रे पोलिसांनी मागितल्यास दाखवणे बंधनकारक आहे. छायाप्रतीवर भागते ते पोलीस समजूतदार असेल तेव्हाच. मिलानहून रेल्वेने स्वित्झर्लंडला एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ असतात; त्या गाडीत सीमेवर तपासणी झाली आणि पासपोर्ट हॉटेलात असला, तर काय सांगणार? माझ्या मते पासपोर्ट अंगावरच असावा, पण कपड्यांच्या आत, आणि दिवसभरात ज्याला हात लावावा लागणार नाही अशा जागी.

यातूनच तोतया पोलिसांचा विषय निघतो. साध्या वेशातील दोघे येतात, ओळखपत्रासारखे काहीतरी डोळ्यांसमोरून झरकन फिरवतात आणि खोट्या नोटांची तपासणी चालू असल्याचे सांगून पाकीट मागतात. नोटा मोजून परत देतात, पण त्यातल्या काही बोटांत राहतात. खरा पोलीस ओळख विचारतो, तुमचे पैसे मोजत नाही. अशा वेळी रस्त्यावर काहीही हातात न देता, 'पोलीस ठाण्यात चला, तेथे सगळे दाखवतो' असे सांगावे किंवा ११२ हा युरोपभर चालणारा क्रमांक लावावा.

निवांत नाशिककर

आतापर्यंतची सगळी चर्चा प्रवाशाने काय करावे याभोवती फिरते आहे, हे मला खटकते. पर्यटकांच्या पैशावर शहरेच्या शहरे चालतात आणि चोरी झाली की पर्यटकालाच दोष दिला जातो. १० एप्रिल २०१३ रोजी लूव्र संग्रहालय दिवसभर बंद राहिले होते, कारण पाकीटमारांच्या टोळ्यांच्या आक्रमकपणाला कंटाळून तेथील कर्मचाऱ्यांनीच काम थांबवले. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी त्याच कारणासाठी काम बंद ठेवले. ज्यांचे आयुष्य तेथे काम करण्यात गेले, त्यांनाही जर शासनाला जागे करण्यासाठी दारे बंद करावी लागतात, तर पुण्याहून चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने पर्सची चेन कोणत्या बाजूला ठेवली, याची चर्चा आपण किती काळ करणार?

स्पेनमध्ये ४०० युरोपर्यंतची साधी चोरी हा किरकोळ गुन्हा धरला जातो आणि त्याला सहसा दंडच होतो. बार्सिलोनाच्या रामब्लास रस्त्यावरील चोर सकाळी पकडला जातो आणि सुटून पुन्हा त्याच रस्त्यावर येतो, असे तेथील रहिवासीच संतापाने सांगतात. वारंवार गुन्हा करणाऱ्यांना तुरुंगवास देता यावा यासाठी स्पेनला २०२२ मध्ये कायदा बदलावा लागला. शिक्षा कडक झाल्याशिवाय प्रवाशाची सावधगिरी व्यर्थ आहे.

तळ्याकाठी

निवांत नाशिककर, जबाबदारी शासनाची आहे हे मान्य, पण 'शिक्षा कडक करा' म्हणताना शिक्षा कोणाला होणार हेही पाहावे. पॅरिसमध्ये १३ वर्षांखालील मुलांना तुरुंगात टाकता येत नाही, आणि टोळ्या नेमक्या त्याच वयाच्या मुलींना मेट्रोत उतरवतात. २०१३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने अशा मुलींकडून चोऱ्या करवून घेणाऱ्या एका म्होरक्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली. ठरलेली रक्कम आणली नाही, तर त्या मुलींना मारहाण होत असे. आपल्या पर्समध्ये ज्या हाताने शोध घेतला, तो बारा वर्षांच्या मुलीचा आहे आणि त्या पैशातला एकही युरो तिच्याकडे राहणार नाही, हे कळल्यावर माझा राग तिच्यावर राहत नाही.

पर्यटकांच्या गप्पांमध्ये युरोपातील रोमा या पूर्वापार भटक्या समाजाचे नाव घेऊन 'तसल्या लोकांपासून लांब राहा' असे सर्रास सांगितले जाते, त्यालाही माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडे ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि त्याचे चटके महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांना अजून बसत आहेत. तोच शिक्का आपण तिकडे जाऊन दुसऱ्यांवर मारावा, हे मला लाजिरवाणे वाटते. शिवाय, चेहरे पाहून सावध होणाऱ्याला सुटाबुटातला चोर हमखास लुबाडतो.

पायवाट

तळ्याकाठी यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि माझ्या मूळ मुद्द्याला त्यांनी बळच दिले आहे. कोकणकडा यांचा आपण होऊन मदतीला येणाऱ्याचा निकषही मला पटतो, कारण तो माणसाचा चेहरा पाहत नाही, त्याची कृती पाहतो. पॅरिसला साक्रे-कर या चर्चच्या पायऱ्यांखाली मनगटाला रंगीत दोरा गुंडाळून मग पैसे मागणारे उभे असतात. तेथे हात खिशात घालून न थांबता चालत राहणे पुरते, कोणाकडे तुच्छतेने पाहावे लागत नाही. तसेच, मूकबधिरांसाठी सह्या गोळा करण्याचे सांगणाऱ्या मुली कागदाचा पुठ्ठा बरोबर तुमच्या पर्सवर आडवा धरतात, कारण सही करताना तुम्हाला त्याखालचे दिसत नाही. सही करायचीच असेल, तर आधी पर्स काखेत घट्ट धरावी, एवढेच.

मात्र शिक्षा कडक झाल्याशिवाय सावधगिरी व्यर्थ आहे, हे निवांत नाशिककर यांचे म्हणणे मला मान्य नाही. रोमच्या टर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे, हे सगळ्या रोमला ठाऊक आहे. इटलीचा कायदा बदलेपर्यंत त्या बसमधला माणूस सॅक पाठीवरच ठेवणार आहे का?

अंबरनाथकर

फोनबद्दल अजून पुरेसे कोणी लिहिलेले नाही, आणि भारतीय प्रवाशासाठी आज तेच सर्वांत मोठे नुकसान आहे. लंडनमध्ये पदपथाच्या कडेला उभे राहून नकाशा पाहणाऱ्याच्या हातातून विजेच्या सायकलीवरचा चोर फोन हिसकावून नेतो. आपल्या फोनमध्ये बँकेचे ओटीपी येणारे सिमकार्ड असते, म्हणजे फोनबरोबर खात्यापर्यंत पोहोचण्याचा आपला मार्गही जातो. त्यातच परदेशातील अनेक संकेतस्थळे कार्डावरील क्रमांक टाकला की ओटीपी न मागताच पैसे घेतात.

म्हणून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातील व्यवहारांची मर्यादा दिवसाच्या गरजेइतकीच ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे २०२० पासून ही सोय प्रत्येक कार्डाला आहे. कार्ड बंद करण्याचा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून सोबत्याच्या बॅगेत ठेवावा, कारण तो फोनमध्येच असला तर ऐन वेळी उपयोगाचा नाही. आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण कळवले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पोलीस तक्रारीची प्रत मात्र त्याच दिवशी घ्यावी, नुकसान लहान वाटले तरी. प्रवास विम्याचा दावा तिच्यावाचून पुढे सरकत नाही, आणि रोकड बहुतेक पॉलिसींमध्ये धरलेलीच नसते.

कोकणकडा

पायवाट, आपण माझा निकष मान्य केलात, पण फसवणूक करणारा दर वेळी रस्त्यावरच उभा असतो असे नाही. काचेच्या खिडकीआड पाटी लावून बसलेलाही असतो. प्रागमधील चलन बदलून देणाऱ्या दुकानांचा दर इतका बदनाम झाला होता, की एप्रिल २०१९ पासून चेक सरकारने ग्राहकाला तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करण्याचा हक्क दिला. पाटीवरचा मोठ्या अक्षरांतला दर मोठ्या रकमेसाठी असायचा आणि तुमच्या शंभर युरोंना लागणारा दर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेला असायचा. आजही एटीएममधून पैसे काढताना यंत्र रक्कम रुपयांत वळती करून घेण्याचा पर्याय देते. तो हिशेब ओळखीचा दिसतो म्हणून आपण होकार देतो आणि फरकाचे पैसे जातात. तेथे नेहमी त्या देशाच्या चलनाचाच पर्याय निवडावा. पैसे देण्याआधी 'माझ्या हातात नेमके किती पडतील, ते लिहून द्या' असे काउंटरवरच्या माणसाला विचारायला संकोच वाटू नये, एवढाच माझा आग्रह आहे, आणि पासपोर्टाच्या प्रश्नावर मी लोंबार्डीतला मराठी यांच्या बाजूने आहे.