पुण्यातल्या नवले पुलाच्या अपघातांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या कराव्यात का?

नऱ्हेकर
13 नोव्हेंबर 2025 ला कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरून आलेला कंटेनर पुढच्या गाड्यांवर आदळला, आग लागली, 8 माणसं गेली. त्यानंतर पाहणी दौरे झाले, वेगमर्यादा खाली आली. आणि ज्याला विचारावं त्याचं मत ठरलेलं. कुणी म्हणतं उतारच चुकलाय, कुणी म्हणतं ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, कुणी सर्व्हिस रोडने उलट्या येणाऱ्या दुचाक्यांवर बोट ठेवतं. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण कशाचा वाटा किती, हे कशावरून ठरवायचं? आपल्या हातात फक्त बातम्यांची कात्रणं आहेत.

नोंदी तर होतातच. आयआयटी मद्रासने तयार केलेली आणि एनआयसी (केंद्र सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) राबवत असलेली 'आयरॅड' प्रणाली (आता 'ई-डार') पोलीस वापरतात. जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, वाहनाचा प्रकार, जखमींची अवस्था, फोटो, सगळं त्यात भरलं जातं. माझी मागणी एवढीच: नव्या कात्रज बोगद्याच्या तोंडापासून नवले पुलापर्यंतच्या नोंदी, नावं आणि गाडी नंबर वगळून, कुणालाही पाहता याव्यात.

सरकारी व्याख्येत साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट. आपला उतार 500 मीटरचा नाही, काही किलोमीटरचा आहे. एका जागी उपाय केला आणि अपघात खाली सरकले, तर ते यादीत कसं दिसणार?

हवालदाराची मुलगी
विरोध. वडिलांची सगळी नोकरी पोलीस ठाण्यात झाली, त्यामुळे नोंद कशी होते ते घरात ऐकलंय. अपघात झाला की आधी जखमी हलवायचे, मग क्रेन, मग मागे लागलेली रांग सोडवायची. कागद शेवटी. ॲप आलं तरी माणसं तेवढीच आहेत. ठाण्यात येऊन नोंद भरली तर नकाशावरची खूण ठाण्याजवळ पडण्याचा धोका राहतो. आणि 'कारण' म्हणून लिहिलं जातं ते बऱ्याचदा चालकाने पहिल्यांदा सांगितलेलं.

20 नोव्हेंबर 2022 आठवा. याच पुलावर एका ट्रकची 48 गाड्यांना धडक बसली आणि पहिल्या दिवशी सगळीकडे 'ब्रेक फेल'. नंतरच्या चौकशीत पुढे आलं की चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती. ती पहिली नोंद खुली असती तर आजही लोक तीच नाचवत बसले असते.

नऱ्हेकर
ताई, पहिलं कारण चुकलं आणि दुसरं सापडलं, हे तुम्हाला-मला कळलं ते बातमी मोठी होती म्हणून. ज्या अपघातात एकच दुचाकीस्वार गेला, त्याचं पहिलं कारण कोण तपासतं? नोंद बंद ठेवल्याने चूक सुधारत नाही, ती तशीच साचत जाते. पाच खुणा ठाण्याच्या गेटवर पडल्या असतील तर इथला कुणीही रहिवासी एका नजरेत सांगेल.

क्लेम पाहिलेला
मला भीती वेगळीच आहे. घरातल्या एकाचा अपघात झाला होता. आम्ही अतिदक्षता विभागाबाहेर बसलो होतो, तेव्हा एक अनोळखी माणूस वकीलपत्र घेऊन आला. पेशंटचं नाव त्याला ठाऊक होतं, कुठल्या गाडीने धडक दिली तेही. भरपाईच्या दाव्यातला वाटा ठरवायलाच आला होता तो. आईने सही करायला पेन हातात घेतलंही होतं. तारीख, तास, जागा, वाहन एवढं खुलं केलं की बातमीशी ताडून घर शोधायला किती वेळ लागतो? नावं वगळली म्हणजे माणूस लपला असं होत नाही.

मिलिंद, लीड्स
इथे ब्रिटनमध्ये पोलिसांनी नोंदवलेला, कुणी जखमी झालेला प्रत्येक अपघात 'स्टॅट्स19' या संचात जातो आणि तो कुणालाही उतरवून घेता येतो. जागा, वेळ, उजेड, रस्ता ओला की कोरडा, वाहनं, दुखापत किती गंभीर, सगळं असतं. नावं नसतात. पूर्ण वर्षाचे आकडे पुढच्या वर्षी येतात, त्यामुळे दवाखान्याच्या दारात पोचायला दलालाला त्यांचा उपयोग नाही. तुमच्याकडे तो माणूस आला तेव्हा खुली नोंद नव्हतीच, आतूनच कुणीतरी कळवलं असणार.

'कारणा'बद्दल हवालदारताईंचं म्हणणं इथेही मानलंय. पोलिसाने जागेवर नोंदवलेले संभाव्य घटक त्या खुल्या संचात नसतात, कारण तो त्याचा अंदाज असतो. आणि पोलिसांपर्यंत न पोचलेले अपघात इथेही सुटतात.

निवृत्त रस्ता अभियंता
कारण गाळलं तरी माझी हरकत राहते. नुसत्या ठिपक्यांवरून रस्ता कळत नाही. रात्री 2 वाजताचे 3 अपघात आणि संध्याकाळी 7 वाजताचे 3 अपघात सारखे नसतात, कारण त्या वेळेला किती गाड्या जातात ते माहीत हवं. नकाशा हातात आला की प्रत्येक ठिपक्यावर स्पीडब्रेकर मागणारं निवेदन येणार.

या उतारावर दुखणं काय आहे ते नीट समजून घ्या. भरलेला ट्रक गिअरमध्ये उतरला तर इंजिन त्याला मागे ओढून धरतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) पकड सोडतं. खाली येईपर्यंत पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. बोगद्यापासून खाली येणाऱ्या ट्रकमागे दुचाकीवर थांबलात तर जळक्या लायनरचा वास येतो. अशा ठिकाणी मध्येच अडथळा टाकला तर मागचा ट्रक आणखी ब्रेक मारणार. हे काम जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचं आहे. माहिती तिथे द्या, घरोघरी नको.

अर्जवाला
समितीकडे माहिती आजही जाते, साहेब. समितीने काय केलं हे तपासायलाच ती माहिती आम्हाला हवी आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ कलम आलं, सदोष रस्त्यासाठी ठेकेदार आणि यंत्रणा जबाबदार. कुठे, कधी, किती वेळा, हेच लोकांकडे नसेल तर ते कलम लावायचं कशाच्या जोरावर?

माहिती अधिकाराचं म्हणाल तर कलम 4 प्रमाणे हे न मागता प्रसिद्ध व्हायला हवं. 'तपास चालू आहे' हे उत्तर पुरेसं नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच भगत सिंग प्रकरणात सांगितलंय. वैयक्तिक माहितीचं कलम 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी कडक केलंय, म्हणून नावं आणि नंबर मागूच नका.

भूमकर चौकातून
मुलाला क्लासला सोडताना मी रोज पुलाखालून जाते. कुठल्या तासाला आणि कुठल्या बाजूने जास्त गाड्या आदळतात एवढं कळलं तरी मी वेळ बदलीन. त्यासाठी समितीत बसायची गरज का पडावी?

नऱ्हेकर
अर्जाचा मसुदा असा करतोय: 5 वर्षांच्या नोंदी, जागा, महिना, तास, दिशा, वाहनप्रकार, दुखापत. नेमकी तारीख नाही, कारणाचा रकाना नाही. क्लेमवाल्या दादांची हरकत यात सुटावी.

क्लेम पाहिलेला
महिना आणि तास चालेल. मृतांचं वय मात्र घालू नका.

हवालदाराची मुलगी
मी अजूनही विरोधातच. खूण चुकीची पडली तर बोलणी ठाण्यातल्या माणसाला बसणार, ॲप बनवणाऱ्याला नाही.

निवृत्त रस्ता अभियंता
अर्ज करणारच असाल तर खेड शिवापूर टोलनाक्यावरची तासागणिक वाहनसंख्या, ट्रक आणि मोटारी वेगवेगळ्या करून, त्याच पाच वर्षांची मागा. जुन्या घाटाने कात्रजला उतरणाऱ्या गाड्या त्यातून वजा कराव्या लागतील. ती संख्या मिळेपर्यंत नकाशा छापू नका.