मस्टँगला लांब नळ्यांचे हेडर: गावच्या गॅरेजात जमेल का?

प्रश्न (दारव्हा): काकांच्या १९६८च्या फोर्ड मस्टँगला, ३०२ घन इंची व्ही-८ इंजिनाला, लांब हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवायचे आहेत. ट्रॅक्टरच्या गॅरेजात हे काम होईल का?

उत्तर: होईल, भाऊ, परंतु स्टार्टर काढून, माउंट (इंजिन ज्यांवर टेकते ते आधार) सैल करून इंजिन जॅकने थोडे उचलल्याशिवाय नळ्या स्टिअरिंगच्या दांड्यांजवळून सहसा उतरत नाहीत. जॅक आणि ऑइल पॅन यांच्यामध्ये लाकडी फळी अवश्य ठेवा. जुन्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडा. एखादा बोल्ट हेडमध्ये (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणात) तुटला, तर लेथवाल्याकडे चकरा ठरलेल्याच.

दुसरे उत्तर: सहमत आहे. इंजिन तापून पूर्ण थंड झाले की बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण गॅस्केट (हेडर आणि इंजिनाच्या जोडात बसणारी पातळ पट्टी) दबते. माझी हरकत वेगळीच आहे: या नळ्या खाली लोंबतात, आणि आपल्या पांदण रस्त्यांवरचा मधला उंचवटा त्यांना चेपल्याशिवाय सोडणार नाही.